गाडीचं पिकअप वाढवायचंय? पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये

गाडी पाच-सहा वर्षं वापरली की एक दिवस हा विचार डोक्यात येतोच. खंबाटकी चढताना पूर्वी तिसऱ्यावर निघणारी गाडी आता दुसरा मागते. दुपदरी रस्त्यावर ट्रकला मागे टाकायचं म्हटलं की छातीत धस्स होतं. मग शोधाशोध सुरू होते: एअर फिल्टर, सायलेन्सर, रीमॅप (म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलणं), ट्युनिंग बॉक्स, पेडल बॉक्स. दुकानात प्रत्येक दुखण्यावर इलाज तयार असतो आणि बहुतेक इलाज दहा हजारांच्या पुढे सुरू होतात.

या वाटेला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं म्हणणं असं आहे की वापरलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये कंपनीनं दिलेली ताकदच पुरी शिल्लक नसते, आणि ती परत मिळवणं सगळ्यात स्वस्त पडतं. त्यापुढे नवी ताकद विकत घ्यावी का, हे तुमच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे दाबानं जास्त हवा भरणारा पंखा, आहे की नाही यावर बरंचसं ठरतं. खाली दिलेले खर्चाचे आकडे ढोबळ आहेत. शहर, गॅरेज आणि गाडीप्रमाणे ते बदलतात, पण कुठल्या कामाला किती महत्त्व द्यायचं एवढं ठरवायला पुरेसे आहेत.

पायरी १: नेमकं काय कमी पडतंय ते ठरवा

आपण ज्याला पिकअप म्हणतो ते कंपनीच्या जाहिरातीतल्या पीएसच्या (म्हणजे ताकदीच्या) आकड्यात दिसत नाही. पेट्रोल गाडीत तो आकडा इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे घेत) असतानाचा असतो, आणि रोजच्या वापरात तिथे कुणी जात नाही. आपण असतो दीड ते साडेतीन हजारांत. त्या पट्ट्यात किती ताकद हाती येते, हे टॉर्कवरून, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरावरून, काढता येतं. टॉर्क एनएममध्ये घ्या, आरपीएमनं गुणा आणि ७०२३ नं भागा, की त्या क्षणाची ताकद पीएसमध्ये मिळते.

२०१८ ची पेट्रोल स्विफ्ट घेऊ. कागदावर ८३ पीएस, तेही ६,००० आरपीएमला. कमाल टॉर्क ११३ एनएम, तो ४,२०० आरपीएमला. पाचव्या गिअरवर साठच्या वेगानं जाताना इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत असतं. तिथे टॉर्क साधारण ९५ एनएम धरला तर ताकद येते फक्त २७ पीएस. ट्रकला मागे टाकताना पाचव्यावरच ॲक्सिलरेटर दाबला, तर ८३ पीएसच्या गाडीचे २७ पीएसच कामाला लागतात. तोच वेग तिसऱ्या गिअरवर ठेवला तर इंजिन तीन हजारांवर जातं आणि हाती ४५ पीएसच्या आसपास येतात. एक रुपया न घालवता दीडपटीहून जास्त. ॲव्हरेज जाईल म्हणून वरच्या गिअरवर रेटत राहायची सवय आपल्याकडे अनेकांना असते. आठवडाभर मुद्दाम गिअर खाली घेऊन ओव्हरटेक करून बघा. ‘पिकअप नाही’ ही तक्रार कित्येकांची तिथेच मिटते.

याच हिशोबात टर्बो पेट्रोल कुठे बसतं ते बघण्यासारखं आहे. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या १.२ लिटर इंजिनाला १७५ एनएम टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच मिळतो. दोन हजारांवर तिची ताकद ५० पीएसच्या घरात असते. कागदावर दोन्ही गाड्यांत २२ पीएसचा फरक, पण रोजच्या पट्ट्यात ती गाडी जवळजवळ दुप्पट ओढते. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढे लागणार आहे.

तुमची अडचण एका वाक्यात लिहून काढा. ‘चौघं बसून एसी लावला की घाटात दम खाते’, ‘हायवेला ओव्हरटेक नीट होत नाही’, ‘सिग्नलवरून निघताना मरगळते’. या तिन्ही अडचणींची उत्तरं वेगळी आहेत.

पायरी २: आजची गाडी मोजून ठेवा

मोजल्याशिवाय एक नटसुद्धा फिरवू नका. नवीन सामान बसवल्यावर गाडी हलकी वाटतेच, कारण पैसे गेलेले असतात आणि मनाला ते वसूल झालेले बघायचे असतात.

पद्धत सोपी आहे. सकाळी लवकर मोकळा, सरळ, सपाट रस्ता गाठा. एसी बंद, काचा वर, तिसरा गिअर, वेग ३५ वर स्थिर. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते बघा. शेजारच्यानं मोबाईलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढला की नंतर निवांत मोजता येतं. जीपीएसवर वेळ मोजणारी ॲपही चालतात. रस्त्याला नजरेला न दिसणारा उतार असतो, म्हणून जाताना तीनदा आणि येताना तीनदा मोजून सरासरी काढा. त्या दिवशीचं तापमान, टाकीतलं पेट्रोल आणि गाडीतली माणसं यांचीही नोंद ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर हीच परीक्षा त्याच रस्त्यावर घ्यायची.

डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर उत्तम. मात्र डायनो चाकावरची ताकद मोजतो, आणि गिअरबॉक्स वगैरेंत ती दहा-पंधरा टक्के खर्च झालेली असते. कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी दिसली म्हणून घाबरू नका. तुलना नेहमी त्याच डायनोवरच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची करा.

पायरी ३: हरवलेली ताकद परत आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पाच ते बारा हजारांत बहुतेक गाड्या पुन्हा मूळ पदावर येतात, आणि पुढे काही करायचं ठरवलं तरी हे काम आधी लागणारच.

सुरुवात ओबीडी स्कॅनरपासून, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रापासून, करा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथचा साधा स्कॅनर पाचशे ते दीड हजारात मिळतो आणि मोबाईलवरच्या ॲपला जोडता येतो. इंजिन लाइट लागलेली नसली तरी आत कोड साठलेले असू शकतात. पेट्रोल गाडीत ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा बघा. इंजिनाचा संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते त्यातून कळतं. अधिक-उणे पाचच्या आत असेल तर झकास, दहापर्यंत चालतं. अधिक पंधरा-वीस दिसत असेल तर कुठून तरी हवा चोरून आत येतेय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमच्या फाटलेल्या नळ्या, तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप यांत दोष सापडेपर्यंत दुसरा खर्च थांबवा.

मग प्लग काढून हातात घ्या, मेकॅनिक शेजारी असेल तेव्हाच. टोकाचं पांढरं चिनी मातीचं इन्सुलेटर फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर जळण व्यवस्थित आहे. कोरडी काळी काजळी बोटाला लागत असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालते आणि इंजिन नीट तापतच नाही. ओलसर, तेलकट काळं दिसलं तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येतंय. अशा इंजिनावर ताकद वाढवायचा विचार सोडा आणि आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. पांढरंफटक आणि टोकाशी वितळल्यासारखं दिसलं तर इंजिन प्रमाणाबाहेर तापतंय. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमानं कागदावर ठेवा आणि फोटो काढा. तीन सारखे आणि एक वेगळा असेल, तर दोष त्या एका सिलिंडरच्या कॉइलमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरमध्ये दमतात. इरिडियमचे महाग असले तरी लाखाच्या आसपास टिकतात. इरिडियममुळे ताकद वाढत नाही, पण प्लग काढणं अवघड असलेल्या इंजिनात ते बसवणं शहाणपणाचं आहे.

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरची त्याच्यासाठीच्या स्प्रेनं सफाई, ही कामं हजार-दोन हजारांत होतात. आमच्याकडच्या धुळीत, विशेषतः रस्त्याची कामं चालू असलेल्या पट्ट्यात, फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यातच भरतो. एअर गनचा फवारा मारून तोच परत बसवायची गॅरेजची सवय बरी नाही. त्या दाबानं कागदाला बारीक छिद्रं पडतात आणि धूळ थेट इंजिनात जाते. नवा फिल्टर तीन-चारशे रुपयांचा असतो, बदलूनच टाका.

डिझेलवाल्यांनी दोन जागा खास तपासायच्या. एक ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्ड. तिथे काजळी आणि ऑइलचा चिकट थर बसून हवेची वाट अरुंद होते. दुसरी जागा टर्बो ते इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटर) आणि इंटरकूलर ते इंजिन जाणारे रबरी पाइप. क्लॅम्पपाशी ऑइलचा ओला डाग दिसला की तिथून दाबाची हवा निसटतेय असं समजा. एवढ्या गळतीवर रीमॅप करणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. १.३ लिटरच्या फियाट मल्टिजेट इंजिनाच्या जुन्या स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा अजून भरपूर चालतात. यातली एखादी गाडी दोन हजार आरपीएमनंतरही उठत नसेल, तर आधी हे पाइपच बघावेत.

टीएसआयसारख्या थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांचं दुखणं वेगळं असतं. पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्या पाठीवर कार्बन साचतो. साठ-सत्तर हजारांनंतर गाडी थंड असताना थरथरू लागली तर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीनं व्हॉल्व्ह साफ करून घेता येतात. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हा थर जात नाही, कारण टाकीतलं पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही.

शेवटी चाकं बघा. दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलेलं असेल तर ब्रेक अडकतोय आणि इंजिनाची ताकद तिथे जळतेय. टायरमधली हवा आणि अलाइनमेंटही याच दिवशी करून घ्या.

आता पुन्हा ४० ते ८० मोजा. फरक समाधानकारक वाटला तर थांबायला हरकत नाही. माझ्या ओळखीतले निम्म्याहून जास्त लोक इथेच थांबतात आणि खूष असतात.

पायरी ४: आपलं इंजिन कुठल्या गटातलं ते ओळखा

*टर्बो नसलेलं पेट्रोल.* स्विफ्ट, आय१०, टियागो, जुनी सिटी अशा बहुतेक गाड्या. ही इंजिनं वातावरण जेवढी हवा देईल तेवढीच घेतात. समुद्रसपाटीपासून दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद कमी होते. पुण्याच्या ५६० मीटरवर पाच-सहा टक्के जातात आणि महाबळेश्वरच्या १,३५० मीटरवर तेरा टक्क्यांच्या आसपास. मुंबईत ८३ पीएस देणारी गाडी वेण्णा लेकपाशी सत्तरीच्या थोडीच वर असते. घाटमाथ्यावर गाडी मंदावण्यात बिघाडाचा भाग नसतो, हवाच विरळ असते.

अशा इंजिनाला रीमॅप करून चार-आठ पीएस मिळतात. खर्च पंधरा ते पंचवीस हजार. एका पीएसला तीन-चार हजार पडले. कॅम, हेडर, हेडचं काम करून आणखी मिळवता येतं, पण खर्च लाखाकडे सरकतो आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क उलट कमी व्हायची शक्यता असते. माझा स्पष्ट सल्ला असा की टर्बो नसलेल्या गाडीत इंजिनावर पैसे घालू नका, वजन आणि टायरकडे बघा.

सव्वाआठशे ते नऊशे किलोची गाडी, चालवणारा आणि थोडं सामान मिळून हजार किलो धरा. डिकीतला सबवूफरचा खोका, वर्षभर पडून असलेली अवजारांची पेटी, छतावरचं कॅरिअर असं चाळीस किलो काढलं तर चार टक्के वजन गेलं. पिकअपवर त्याचा परिणाम तीन-साडेतीन पीएस वाढल्याएवढा होतो, फुकट.

टायरच्या बाबतीत लोक स्वतःच स्वतःचं पिकअप मारतात. मूळ १८५/६५ आर१५ टायरचा बाहेरचा व्यास ६२१ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याजागी १६ इंची अलॉय घालून १९५/६० आर१६ बसवला की व्यास होतो ६४०. चाक तीन टक्के मोठं म्हणजे प्रत्येक गिअर तीन टक्के लांब. गाडी तेवढी जड ओढते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो. तीच १६ इंची रिम ठेवायची असेल तर १९५/५५ आर१६ घ्या, त्याचा व्यास पुन्हा ६२१ वर येतो. रिमचं वजनही विचारा. दिखाऊ पण जड अलॉय मूळच्या लोखंडी रिमपेक्षा वाईट पडू शकतात.

*सीएनजी.* कंपनीच्या किटवर चालतानाही पेट्रोलपेक्षा ताकद कमीच मिळते. स्विफ्टमध्ये पेट्रोलवर ९० आणि सीएनजीवर ७७ पीएस असा फरक होता. प्लग आणि फिल्टर वेळेवर बदला, घाटात पेट्रोलवर घ्या. बाकी खर्च नको.

*टर्बो पेट्रोल आणि टर्बो डिझेल.* इथे पैसे वसूल होतात. टर्बो किती दाबानं हवा भरेल हे संगणकातला प्रोग्राम ठरवतो, आणि कंपनीनं त्यात बराच हात राखलेला असतो. तोच छोटा टर्बो, तेच इंजिन, फक्त प्रोग्राम बदलून ताकद आणि टॉर्क साधारण वीस ते तीस टक्क्यांनी वाढतात. याला स्टेज १ म्हणतात. खर्च पंचवीस ते चाळीस हजार. १०५ पीएसच्या गाडीला पंचवीस पीएस मिळाले तर एका पीएसला हजार-दीड हजार पडले. शिवाय वाढ खालच्या-मधल्या आरपीएममध्ये होते, म्हणजे जिथे आपल्याला हवी तिथेच. घाटावर जाणाऱ्यांना आणखी फायदा असतो, कारण विरळ हवेत टर्बो जास्त फिरून बरीचशी भरपाई करतो.

डिझेलमध्ये रीमॅपऐवजी ट्युनिंग बॉक्सही मिळतो. तो सेन्सरच्या वायरीत बसतो, इंधनाचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचं संगणकाला भासवतो आणि दाब वाढवून घेतो. काढून ठेवता येतो ही त्याची जमेची बाजू. पण तो फक्त डिझेल वाढवतो, बाकी काही सांभाळत नाही. मागून काळा धूर दिसला तर सेटिंग ताबडतोब खाली आणा. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल असतं, आणि टर्बो व पिस्टन विनाकारण तापत असतात. दोन्ही परवडत असतील तर मी रीमॅप निवडेन.

पायरी ५: ज्यावर पैसे घालू नयेत

बॉनेटमध्ये उघडा बसवायचा कोन फिल्टर सगळ्यांना मोहात पाडतो, आवाजही मस्त देतो. ट्रॅफिकमध्ये स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघा म्हणजे खरं काय ते कळेल. बाहेर ३५ अंश असताना बॉनेटखालची हवा साठीला पोचलेली असते. दर दहा अंशांना हवा साधारण तीन टक्के विरळ होते, म्हणजे पंचवीस अंशांत आठ टक्के गेले. गाडी पळायला लागल्यावर फरक कमी होतो, पण शहरात तोटाच जास्त. मूळ एअरबॉक्समध्ये बसणारा धुता येणारा फिल्टर त्या मानानं बरा, तरीही त्यावर चार-सहा हजार घालून एक-दोन पीएसच्या पलीकडे अपेक्षा ठेवू नका. तेल लावताना हात सैल सुटला तर ते सेन्सरवर बसतं आणि नवं दुखणं मागे लागतं.

पेडल बॉक्सनं ताकद अजिबात वाढत नाही. पाव पेडल दाबलं तरी अर्धं दाबल्याचा निरोप तो पोचवतो, एवढंच. पेडल पूर्ण दाबलं की बॉक्स असो वा नसो, गाडी तेवढीच पळते. मागचा मफलर बदलून फक्त आवाज बदलतो. पेट्रोलच्या नळीवर लावायचे चुंबक, सिगारेट लायटरमध्ये खोचायचे ‘पॉवर बूस्टर’, ओबीडीत लावायची शंभर-दोनशे रुपयांची डबी, यांच्या वाटेला जाऊच नका.

महागड्या पेट्रोलबद्दल नेहमी विचारलं जातं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची वेळेआधी न पेटण्याची ताकद. साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकत नसेल (पेट्रोल वेळेआधी पेटून ठकठक येत नसेल) तर जास्त ऑक्टेनचं टाकून काही हाती लागत नाही. टर्बो पेट्रोलचं गणित वेगळं आहे. उन्हाळ्यात, चढावर, भरलेल्या गाडीत ठोका येऊ लागला की संगणक स्पार्क उशिरा देतो आणि ताकद कमी करतो. तिथे जास्त ऑक्टेनचा उपयोग होतो. रीमॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर केला असेल तर पुढे कायम तेच टाकावं लागेल, हा खर्च आधीच धरून चाला.

पायरी ६: रीमॅपच्या आधी गाडी तयार करा

पहिली परीक्षा क्लचची. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरवर दोन हजार आरपीएमला आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम भराभर चढले पण वेग मागे रेंगाळला, तर क्लच घसरतोय. वीस-तीस टक्के वाढलेला टॉर्क तो चार दिवसांत संपवेल. ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअरबॉक्सची मर्यादा विचारून घ्यावी. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० एनएमपर्यंतच बनवलेला आहे. मूळ टॉर्क १७५ आहे, म्हणजे स्टेज १ त्यात बसतो. पण कुणी त्यापुढचं स्वप्न दाखवत असेल तर क्लच पॅकची किंमत आधी विचारा, ती लाखाच्या आसपास जाऊ शकते.

ब्रेककडे दुर्लक्ष करणाऱ्यांशी माझं नेहमी वाजतं. ताकद वाढली की गाडी प्रत्येक वळणावर आधीपेक्षा जास्त वेगानं पोचते. नवे पॅड आणि नवं ब्रेक ऑइल ही इथली कमीत कमी तयारी. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो. पण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि दोन-तीन वर्षांत तो दीडशेच्या घरात येतो. वरंध किंवा ताम्हिणी उतरताना पेडल स्पंजासारखं होतं त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. ऑइल बदलायला हजारभर रुपये लागतात, ते आधी खर्च करा. टायर गुळगुळीत झाले असतील तर रीमॅप पुढे ढकला आणि टायर घ्या.

आता ट्यूनर निवडायचा. त्याला सरळ विचारा: माझ्याच इंजिनाच्या आणि माझ्याच संगणकाच्या किती गाड्या केल्यात? त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? मूळ फाइल वाचून तिची प्रत मला देणार का? आधी आणि नंतर डायनो किंवा रस्त्यावरच्या नोंदी दाखवणार का? कंपनीनं सर्व्हिसमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि रीमॅप पुसला गेला तर पुन्हा टाकायचे पैसे घेणार का? नोंदी न बघता पेन ड्राइव्हवरची तयार फाइल अर्ध्या तासात टाकून देणाऱ्यापासून लांब राहा. गाडी आल्याबरोबर स्कॅनर लावणारा आणि दोष सापडला तर ‘आधी हे करून या’ म्हणून परत पाठवणारा भेटला, तर त्याचं दुकान सोडू नका.

पायरी ७: कायदा, वॉरंटी आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराचे नियम मोडले तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्सवर गदा. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग), डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर यांपैकी काहीही काढणाऱ्या ‘स्टेज २’ ला मी ठाम नाही म्हणतो. दंड बाजूला ठेवला तरी तो धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जातो. रीमॅप डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून तो कायद्याच्या नजरेतून सुटतो असं समजू नका. नंतर पीयूसी काढून आकडे आधीच्यांशी ताडून बघा.

वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. संगणकात फाइल कितीदा लिहिली गेली याची खूण राहते, मूळ फाइल परत टाकली तरीही. फोक्सवॅगन समूहात अशा गाडीवर टीडी१ हा शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी हातची जाते. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकला, तर वाचवलेल्या हप्त्याच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

पायरी ८: रीमॅपनंतरची काळजी

इंजिन ऑइल पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं टाका, पण पंधरा हजारांऐवजी साडेसात-आठ हजारांवर बदला. ‘जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण’ हा जुन्या काळचा समज आहे. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळच्या थंड स्टार्टला टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोचतं.

लहान टर्बो पेट्रोलमध्ये वरच्या गिअरवर दीड हजार आरपीएमला असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबू नका. खालच्या आरपीएमला जास्त दाब भरला की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं, आणि त्या एका तडाख्यात पिस्टनला तडा जाऊ शकतो. गिअर खाली घ्या, दोन हजारांच्या वर आणा, मग हवं तेवढं दाबा.

हजार किलोमीटर झाल्यावर स्कॅनर पुन्हा लावा, प्लग काढून जुन्या फोटोशी ताडून बघा, रबरी पाइपांचे क्लॅम्प तपासा आणि क्लचची चौथ्या गिअरची परीक्षा पुन्हा घ्या. ४० ते ८० ची नवी वेळ जुन्या वहीत लिहा. मूळ फाइलची प्रत मोबाईलबरोबर आणखी एका ठिकाणी ठेवा. गाडी विकायची वेळ आली की तीच परत टाकून घ्यायची आणि घेणाऱ्याला रीमॅप झाला होता हे सांगायचं; पुढचा क्लच कधी बदलायचा याचा अंदाज त्यालाही हवा असतो.